तार तोडणाऱ्यांची कैफियत

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या घराघरांतून एक लहानसे बंड झाले. त्याची नोंद घ्यावी असे कोणाला वाटले नाही. मोर्चा निघाला नाही, पत्रके वाटली गेली नाहीत, कोणी पुढाऱ्याने त्याच्या अध्यक्षस्थानी बसण्याचे मनावर घेतले नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलवाला दारात आला तेव्हा घरातल्या कर्त्या माणसाने, आणि पुष्कळदा कर्त्या बाईने, त्याला एवढेच सांगितले, "या महिन्यापासून नको." केबलवाल्याने "का हो?" म्हणून विचारले, उत्तरादाखल कोणी हसले, कोणी "बघतच नाही कोणी" म्हणाले, आणि दार लावून घेतले. तेवढ्यावर तीस वर्षांचा संबंध संपला. गच्चीवरून खिडकीत आलेली काळी तार अजून तशीच लोंबते आहे. तिच्यातून आता काही वाहत नाही, एवढेच.

हे बंड केवढे आहे याची कल्पना एका आकड्यावरून येईल. छतावरच्या छत्रीने, म्हणजे 'डीटीएच'ने, पैसे भरून दूरचित्रवाणी पाहणारी चालू जोडणीची घरे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या हिशेबात मार्च २०२४ मध्ये सुमारे ६ कोटी २० लाख होती; मार्च २०२५ मध्ये ती ५ कोटी ६९ लाखांवर आली. एका वर्षात पन्नास लाख घरांनी पैसे भरणे थांबवले. जमिनीवरच्या तारेची कथा याहून निराळी नाही. आता या धंद्यातल्या मंडळींना विचारावे तर त्यांचे उत्तर तयार असते. ते म्हणतात, इंटरनेट स्वस्त झाले, मोबाइल आला, काळ बदलला. घोडागाडी गेली तशी केबल चालली, त्याला कोण काय करणार? या उत्तरात मोठी सोय आहे. काळावर दोष टाकला की माणसांची झडती घ्यावी लागत नाही.

हे उत्तर मला मान्य नाही. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते अर्धे आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, आणि महिनाभर एक जीबी पुरवून पुरवून वापरणारा माणूस रोज एक जीबी उधळू लागला, हे सर्वांनी पाहिलेच आहे. परंतु नवे आले म्हणून जुने टाकण्याची मराठी घराची रीत नाही. १९७२ साली मुंबईत दूरचित्रवाणी आली म्हणून कोणी वर्तमानपत्र बंद केले नाही. मिक्सर आला तरी पाटा-वरवंटा माळ्यावर जपून ठेवणारी, चष्म्याची जुनी फ्रेमसुद्धा टाकताना दोनदा विचार करणारी ही घरे आहेत. अशा घराने तीस वर्षांची सवय सोडली ती केवळ दुसरी वस्तू मिळाली म्हणून सोडली नाही. दुसरी वस्तू मिळाली तेव्हा निघून जाण्याची वाट दिसली. निघून जावेसे त्याला आधीपासूनच वाटत होते. ते का वाटत होते, ही खरी चौकशी आहे.

प्रथम न्यायाने बोलावे. केबल आली तेव्हा घराने तिचे मनापासून स्वागत केले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यापासून जवळजवळ वीस वर्षे आपल्याला सरकार दाखवील ते पाहावे लागे. १९९१ च्या आखाती युद्धाची दृश्ये काही हॉटेलांतून थेट दिसू लागली, आणि कोणा हुशार तरुणाने चाळीच्या गच्चीवर छत्री बसवून तार खाली सोडली. १९९२ मध्ये झी टीव्ही आला. १५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी आणि पाठोपाठ २००० मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाली, तेव्हा आपल्या भाषेला पहिल्यांदाच दिवसभराचे स्वतःचे घर मिळाले असे वाटले, आणि ते वाटणे चुकीचे नव्हते. केबलवाला त्या वेळी ओळखीचा होता. कोणाच्या तरी भावाचा मित्र, गणपतीच्या मंडळातला कार्यकर्ता. हप्ता चार दिवस लांबला तर तो थांबे. पावसात तार तुटली तर छत्री घेऊन खांबावर चढे. त्याची पावती कच्ची असे, हिशेब तोंडी असे. १९९५ साली केबलचा कायदा झाला तरी हा व्यवहार बराचसा शब्दावरच चालला. पण त्यात एक गोष्ट होती. पैसे घेणारा माणूस दिसत होता, आणि त्याला रागावता येत होते.

मग सुधारणा झाली. २०११ साली कायदा बदलला आणि टप्प्याटप्प्याने प्रत्येक घरात डबा बसवणे सक्तीचे झाले. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती. पुणे, नाशिक, नागपूर यांची पुढच्या मार्चअखेरीस. आणि शेवटची खेडी मार्च २०१७ पर्यंत. डबा लावला की चित्र स्वच्छ दिसेल, हिशेब स्वच्छ होईल, आणि ग्राहक आपल्याला हवे तेवढेच घेईल, असे आश्वासन होते. चित्र स्वच्छ झाले, हे मान्य केले पाहिजे. बाकीच्या दोन गोष्टींचे काय झाले ते पाहू. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या तारेवर चालेना, म्हणजे पैसे मोजून घेतलेली वस्तू मालक बदलताच अडगळ ठरू लागली. डबा कोणाकडेही चालावा अशी शिफारस प्राधिकरणाने २०२० मध्ये केली. तोपर्यंत कित्येक घरांच्या माळ्यावर असे दोन-दोन, तीन-तीन डबे साठले होते. विजेचे मीटर बदलले म्हणून दिवा बदलावा लागतो असे कधी कोणी ऐकले आहे काय?

यानंतर १ फेब्रुवारी २०१९ आला. 'जे पाहाल त्याचेच पैसे द्याल' असा त्या दिवसाचा मंत्र होता. आता मी शाळामास्तर असल्यामुळे हिशेब फळ्यावर मांडल्याशिवाय माझे समाधान होत नाही. तेव्हा मांडू या. पहिल्या शंभर वाहिन्यांच्या वहनासाठी म्हणून १३० रुपये. त्यावर १८ टक्के कर. झाले १५३ रुपये ४० पैसे. हे तार घरात आल्याबद्दल. या शंभरांत दूरदर्शनच्या पंचवीसएक वाहिन्या असायच्याच, मग त्यातल्या कित्येकांची भाषा घरात कोणाला कळो वा न कळो. आता समजा, घरातल्या चौघांना मिळून सहा वाहिन्या हव्यात, आणि प्रत्येकीची किंमत १९ रुपये आहे. सहा एकोणीस चौदाधिक शंभर. कर धरून १३४ रुपये ५२ पैसे. एकूण बेरीज २८७ रुपये ९२ पैसे. सहा वाहिन्यांना! ज्या घरात आदल्या महिन्यापर्यंत दोन-अडीचशे रुपयांत शेकडो वाहिन्या येत होत्या, त्या घराला सांगण्यात आले की हे तुझ्या निवडीचे स्वातंत्र्य, आणि हे त्याचे बिल.

पण खरी मेख पुढेच आहे. एकेक वाहिनी घ्यायला गेले तर १९ रुपये, आणि गुच्छ घेतला तर तीच वाहिनी दहा-पंधरा नको असलेल्या वाहिन्यांसह कितीतरी स्वस्त. प्रसारक गुच्छांवर सत्तर टक्क्यांपर्यंत सूट देत आहेत, हे ऑगस्ट २०१९ च्या टिपणात प्राधिकरणानेच नमूद केले. याचा अर्थ काय होतो? सुट्या वाहिनीची किंमत विकण्यासाठी ठेवलेलीच नव्हती. ती गुच्छाकडे हाकलण्यासाठी ठेवलेली काठी होती. गॅसची जोडणी हवी तर शेगडीही आमच्याकडूनच घ्या, असा आग्रह धरणारे दुकानदार आपण पाहिले आहेत. तो आग्रह गैर आहे हे दुकानदारालाही ठाऊक असते, म्हणून तो हळू आवाजात बोलतो. येथे मात्र तोच आग्रह 'फॅमिली पॅक' म्हणून छापील पत्रकावर झळकला. 'फॅमिली'ने काय मागितले होते, हे पत्रक छापणाऱ्याने विचारले नव्हते.

त्यानंतरची पाच वर्षे नुसत्या ओढाताणीची गेली. जानेवारी २०२० मध्ये प्राधिकरणाने गुच्छातल्या वाहिनीची कमाल किंमत १९ वरून १२ रुपये केली. प्रसारक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जून २०२१ मध्ये निकाल मुख्यतः प्राधिकरणाच्या बाजूने लागला, तर प्रसारकांनी लोकप्रिय वाहिन्यांच्या किमती चढ्या लावून त्या गुच्छाबाहेर काढण्याची तयारी केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्राधिकरणाने माघार घेऊन पुन्हा १९ केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या करारांवर सह्या न करणाऱ्या केबल कंपन्यांच्या वाहिन्या बड्या प्रसारकांनी बंद केल्या, आणि सुमारे साडेचार कोटी घरांचे पडदे काही दिवस अर्धेअधिक काळे झाले. त्या घरांनी आपले पैसे आगाऊ भरले होते. भांडण दोन व्यापाऱ्यांचे, अंधार गिऱ्हाइकाच्या खोलीत. पुढे जुलै २०२४ मध्ये वहनशुल्कावरची कमाल मर्यादाच प्राधिकरणाने काढून टाकली. बाजार पाहून घेईल, असे त्यामागचे तत्त्व. बाजाराने पाहिले की नाही ठाऊक नाही. घराने मात्र पाहिले. ज्या साडेचार कोटी घरांना त्या आठवड्यात कळले की वाहिन्यांवाचून दिवस जातो, त्यांना ते ज्ञान फुकट मिळाले, आणि असे ज्ञान परत घेता येत नाही.

हे झाले पैशाचे. पण पैसा हे एकच कारण असते तर घराने कुरकुर करून तो भरला असता. आपण शिकवणीला, लग्नाला, सोन्याला याहून किती तरी निष्ठेने पैसे भरतो. दुसरे कारण वेळेचे आहे. नियमाप्रमाणे तासात १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखवता येत नाहीत. त्यातली १० व्यापाऱ्यांची आणि २ वाहिनीने स्वतःची पाठ थोपटण्याची. या बंधनाविरुद्धही २०१३ साली प्रसारक दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पण आपण नियम पाळला जातो असे धरून चालू. अर्ध्या तासाच्या मालिकेत ६ मिनिटे. आठवड्याचे सहा दिवस. वर्षाचे बावन्न आठवडे. एका मालिकेपायी वर्षाला ३१ तास १२ मिनिटे जाहिराती. संध्याकाळच्या तीन मालिका पाहणारी बाई वर्षाचे ९३ तासांहून अधिक साबण, मसाले आणि केसांचे तेल पाहण्यात घालवते, आणि हे पाहण्यासाठी महिन्याला पैसे भरते. वर्तमानपत्रातही जाहिराती असतात, परंतु तेथे पान उलटण्याचा अधिकार वाचकाकडे असतो. जो माल गिऱ्हाइकाला विकतो आणि गिऱ्हाइकाचे डोळे तिसऱ्याला विकतो, त्याने दोन्हीकडून पैसे घ्यावेत हे फार तर व्यापारात बसेल. पण मग गिऱ्हाईक निघून गेल्यावर त्याने काळाच्या नावाने गळा काढू नये.

उरलेल्या २४ मिनिटांत काय असते? 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला या आकड्याने घाम फुटतो. तीन हजार भाग पुरेल एवढी गोष्ट कोणाच्याच आयुष्यात नसते. म्हणून मग दार उघडते, तिघांचे चेहरे तीन-तीनदा दिसतात, ढगांचा गडगडाट होतो आणि उद्या काय ते उद्या. हा दोष लिहिणाऱ्यांचा नाही. त्यांच्यातले काही माझ्याहून चांगले लेखक आहेत. रोज इतकी मिनिटे भरलीच पाहिजेत, हा करार लिहिणाऱ्याच्या आधी झालेला असतो. त्या करारात मराठी घराचे काय होते पाहा. मालिकेतली बाई पहाटे पैठणी नेसून चहा करते. त्या घरात कोणाला गृहकर्जाचा हप्ता नाही, सोयाबीनचा भाव पडलेला नाही, नळाला एक दिवसाआड पाणी येत नाही, शिक्षकभरती रखडलेली नाही. कारस्थान तेवढे अखंड आहे. जिला घरात सासू नाही तिलाही सासू कशी छळते ते रोज शिकवले जाते. आपल्यासारखे कोणीच ज्यात नाही अशा घरात माणूस पाहुणा म्हणून किती वर्षे बसेल?

येथे कोणी मला जुन्या काळाचा भक्त म्हणेल. मुंबई दूरदर्शनच्या 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा' या कार्यक्रमांची आठवण काढली की हा आरोप येतोच. दूरदर्शन सरकारचे ताटाखालचे मांजर होते, आणीबाणीत त्याने काय दाखवले आणि काय दाखवले नाही हे सर्वश्रुत आहे. ते पुन्हा यावे असे मी म्हणत नाही. पण एका वाहिनीच्या दरिद्री संसारात शेतकऱ्याला खताबद्दल आणि नाट्यवेड्याला नटाबद्दल काहीतरी मिळत होते. आणि शेकडो वाहिन्यांच्या समृद्धीत त्या दोघांना एकच मालिका मिळाली, ही गोष्ट जुन्या काळाची भक्ती न करताही सांगता येते.

याचे कारण मोजमापात आहे. २०२० च्या सुमारास देशात दूरचित्रवाणी असलेली घरे सुमारे २१ कोटी होती आणि कोण काय पाहते हे मोजणारी यंत्रे ४४ हजार घरांत होती. म्हणजे पावणेपाच हजार घरांच्या वतीने एक घर बोलत होते. नमुना घेऊन मोजण्यात गैर काही नाही. भाताची परीक्षा शितावरून करतातच. पण शितावरून भात शिजला की नाही ते कळते, जेवणाऱ्याला भात हवा होता की भाकरी ते कळत नाही. यंत्र सांगते की पडदा अमुक वाहिनीवर चालू होता. पाहणारा कंटाळून बसला होता की रमून, हे ते सांगत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये तर यंत्रे असलेल्या काही घरांना पैसे देऊन ठराविक वाहिन्या चालू ठेवायला लावल्याचा आरोप मुंबईत झाला. तो खटला पुढे सरकारनेच मागे घेतला. तथापि वृत्तवाहिन्यांचे आकडे त्या ऑक्टोबरपासून मार्च २०२२ पर्यंत बंद ठेवावे लागले, ही वस्तुस्थिती आहे. त्या दीड वर्षात वृत्तवाहिन्यांवरचा आरडाओरडा कमी झाला असे कोणाला आढळले काय? मला आढळले नाही. म्हणजे ओरडणे हे आकड्यांसाठी होते असेही नाही. ती आता सवय झाली होती. बातमी ऐकायला बसलेल्या घरात आजारी माणूस असेल, अभ्यासाचे पोर असेल, याचे भान सुटले की ऐकणारा बटण शोधू लागतो, आणि एकदा बटण सापडले की तार तोडणे फार दूर राहत नाही.

येथवर मी तार तोडणाऱ्यांचा वकील झालो. आता त्यांच्याशीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण त्यांच्यातल्या पुष्कळांना अलीकडे फार अभिमान चढला आहे. "आम्ही केबल काढून टाकली" हे वाक्य ते "आम्ही दारू सोडली" अशा थाटात उच्चारतात. घर शांत झाले, मुले वाचू लागली, असे सांगतात. मुले वाचू लागली असती तर ते सर्वांत आधी आम्हा मास्तरांना कळले असते. वर्गात मला जे दिसते ते असे की, पूर्वी सकाळी पंधरा मुले रात्रीच्या एकाच मालिकेबद्दल किंवा सामन्याबद्दल भांडत. आता पंधराजणांनी पंधरा निरनिराळ्या गोष्टी, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाच्या, पाहिलेल्या असतात आणि भांडायलाही काही उरत नाही. भिंतीवरचा एक पडदा गेला आणि चार पांघरुणांखाली चार पडदे आले. भिंतीवरच्या पडद्यावर काय चालले आहे हे निदान आईला दिसत होते. याला आगीतून फुफाट्यात म्हणतात, सुधारणा म्हणत नाहीत.

खरा धडा हवा असेल त्याने सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाकडे पाहावे. २०२२ च्या ऑगस्टात त्या गावाने ठरवले की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दूरचित्रवाणी आणि मोबाइल दोन्ही बंद, ते साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलावे. लक्षात घ्या, त्या गावाने तार तोडली नाही. त्याने दीड तास आपला म्हणून राखून ठेवला, आणि मोठ्यांनीही तो पाळायचे ठरवले. मुलाने अभ्यास करावा म्हणून केबल तोडायची आणि स्वतः गॅलरीत जाऊन मोबाइलवर सामना पाहायचा, हा शहाणपणा त्या गावाला सुचला नाही.

शिवाय ज्यांच्यापासून आपण पळालो असे समजतो, ते आपल्या आधी पलीकडच्या दारात उभे आहेत. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातले दूरचित्रवाणीचे धंदे एक झाले, आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला त्यांची दोन मोबाइलवरची दुकाने मिळून जिओहॉटस्टार हे एक दुकान झाले. केबलवर ज्यांच्या वाहिन्या होत्या त्यांच्याच मालिका आता तळहातावर मिळतात, आणि पैसे त्याच पेढीत जमा होतात. वर्गणी भरून जाहिरातींपासून सुटका, हा या नव्या व्यवहाराचा मोठा डौल होता. जून २०२५ पासून ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओवर वर्गणीदारांनाही जाहिराती दिसू लागल्या. त्या नको असतील तर वर आणखी पैसे. गुच्छाची तीच गोष्ट, आता टेलिफोनच्या रिचार्जच्या गुच्छात. ज्याने केबल तोडताना आपण का तोडतो आहोत हे स्वतःला विचारले नाही, तो याही तारेला निमूटपणे बांधला जाणार.

आणि एक प्रश्न फार नाजूक आहे, पण तो विचारल्याशिवाय ही कैफियत पुरी होत नाही. तार तोडण्याचा निर्णय घरात कोणी घेतला? बहुधा ज्याच्या हातात चांगला मोबाइल आहे त्याने. पुण्यात नोकरी करणारा मुलगा गावच्या आईवडिलांची केबल परस्पर बंद करतो आणि त्यांना 'स्मार्ट' टीव्ही पाठवतो. त्यात सर्व काही आहे, पण ते शोधावे लागते, टंकावे लागते, आणि वाय-फाय गेले की शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. ज्या म्हातारीला चार नंबरचे बटण दाबले की सात वाजता आपली मालिका लागते एवढे ठाऊक होते, तिचे हे चार नंबरचे बटण आपण काढून घेतले. ती तक्रार करीत नाही. "मला काय, मी नाही बघत फारसे," असे म्हणते. ती पाहत असे ती मालिका भिकार होती, हे मी वर सांगितलेच आहे. पण दिवसाकाठी ठरलेल्या वेळी कोणीतरी आपल्या भाषेत बोलते, हा आधार भिकार नव्हता. दूरदर्शनची मोफत छत्री २००४ सालापासून आहे. एकदा बसवली की महिन्याचे काही द्यावे लागत नाही. किती मुलांनी आईसाठी ती बसवून दिली? आणि तो खांबावर चढणारा केबलवाला? किंमत ठरवणारा तो नव्हता, गुच्छ बांधणारा तो नव्हता; शिव्या मात्र त्याने खाल्ल्या, आणि धंदा बुडाला तोही त्याचा.

तेव्हा मागणे काय, ते स्पष्ट मांडतो. सुट्या वाहिनीची किंमत आणि गुच्छातली तिची किंमत यांत मोठी तफावत ठेवण्याला कायद्याने मनाई व्हावी. १९ की १२ हा वाद त्यापुढे गौण आहे. महिन्याच्या बिलावर प्रत्येक वाहिनीचे नाव आणि तिचे पैसे मराठीत छापलेले असावेत, म्हणजे घरातल्या बाईला वाण्याच्या यादीसारखे ते तपासता येतील. ज्या वाहिनीचे पैसे घेतले तिच्यावर जाहिराती निम्म्या असाव्यात. दोन्ही हातांनी घ्यायचे असेल त्याने एक हात रिकामा ठेवावा. व्यापाऱ्यांच्या भांडणात वाहिनी बंद पडली तर तितक्या दिवसांचे पैसे न मागता परत मिळावेत. आणि प्रसार भारतीचा कायदा १९९० साली होऊन १९९७ साली अमलात आला, त्यात जी स्वायत्तता लिहिली आहे ती सह्याद्री वाहिनीला खरोखर द्यावी आणि मराठी कार्यक्रमांसाठी पैसा द्यावा. हे सर्व नियम मोबाइलवरच्या दुकानांनाही लागू असावेत. तार दिसत नाही म्हणून बंधन नाही, असे होऊ नये.

घरांकडे एकच मागणे आहे. केबल ठेवा किंवा तोडा, तो तुमचा अधिकार आहे आणि तुम्ही तो वापरलात हे चांगले केलेत. तीस वर्षांत ग्राहकाने या धंद्याला दिलेला हा पहिला स्पष्ट निकाल आहे. परंतु निकालाला कारणे लिहावी लागतात. केबलवाल्याला "बघतच नाही कोणी" म्हणून वाटेला लावू नका. गुच्छ नको होता, जाहिराती नको होत्या, ओरडणे नको होते, हे त्याला सांगा, त्याच्या कंपनीला लिहा, प्राधिकरणाला लिहा. तोडण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. नाहीतर काळ बदलला, लोक बदलले, असे सांगत हीच माणसे उद्या नव्या डब्यात जुनाच माल भरून पुन्हा दारात येतील, आणि त्या वेळी रागवायला समोर केबलवालाही नसेल.